ज्यांना लाल दिसत नाही

मधवाल्या बाईनं मधमाश्यांची पेटी एका हातानं उचलली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. गेल्या वर्षी ह्याच पेटीला हात घालताना ती आधी कंबर सांभाळून वाकायची, “मावशी, तिकडची बाजू धरा हो,” म्हणायची, मग ती आणि माझी बायको मिळून तो लाकडी डबा वीतभर वर उचलायच्या, पुन्हा खाली ठेवायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. वजन करायची त्यांची तीच रीत होती. काटा नाही, काही नाही. मी खोलीच्या दारात चहाचा कप घेऊन उभा राहायचो आणि मला वाटायचं, ह्या दोन शहाण्या बायका लाकडाच्या खोक्याला कडेवर घेऊन काय खिदळतायत. आज बाईनं रिकामी बादली उचलावी तशी पेटी उचलली, ठेवली, तोंडावरची जाळी मागे टाकली आणि गच्चीभर नजर फिरवली. माझी छाती जरा पुढे आली, खोटं कशाला बोलू. गच्चीवर तेवीस कुंड्या होत्या आणि एकूण एक फुललेल्या होत्या. जिन्याकडच्या टोकाला जवळजवळ काळा भासावा असा मरून गुलाब, मग गडद लाल जास्वंद, मग कार्नेशन, जिरेनियम, मग तांबडा, मग डाळिंबी, असं करत करत पाण्याच्या टाकीजवळ फिकट गुलाबी पेटुनिया. कुठेही उडी नाही. एका रंगातून दुसऱ्यात डोळा नुसता घसरत जावा अशी ती ओळ मी सात महिने खपून लावली होती.

“काका, ही कुणाची हौस?” बाईनं विचारलं.

“माझी.”

“हॉल सजवलाय, वाजंत्री बसवलीय, पाहुणे दारात आलेत, आणि स्वयंपाकघराला कुलूप.” तिनं पेटुनियाचं एक फूल दोन बोटांत धरलं आणि लसूण सोलावा तसं सोललं. पाकळीच्या आत पाकळी निघाली, तिच्या आत आणखी पाकळी, आणि शेवटी तिच्या बोटांत काहीच उरलं नाही. “ही सगळी शोभेची जात. डबल फुलं. जिथं पराग यायचा तिथंही पाकळीच आलीय. माशीचं तोंड आत पोचत नाही, आणि पोचलं तरी आत ठणठणाट. आणि एवढं लाल कशाला केलंत? लाल त्यांना दिसत नाही.”

“लाल दिसत नाही?” मी इतक्या मोठ्यानं विचारलं की ती दचकली.

“काळपट दिसतं म्हणतात. निळं दिसतं, पिवळं दिसतं, जांभळं दिसतं. लाल म्हणजे त्यांच्या हिशेबी अंधार.” मग तिनं तो प्रश्न विचारला, जो ती जिना चढून आल्यापासून मी टाळत होतो. “मावशींची झाडं कुठे गेली?”

“जुनी झाली होती,” मी म्हणालो. हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर माझा बराच काळ नीट चाललेला आहे.

मी कापडाच्या कारखान्यात रंग जुळवतो. गिऱ्हाइकाकडून हातरुमालाएवढा तुकडा येतो, आणि आमचं हजारो मीटर कापड त्या तुकड्यासारखं दिसायला हवं. चौतीस वर्षं हेच केलं. सहा वर्षांपूर्वी यंत्र आलं, ते आकडे सांगतं, पण यंत्र हो म्हणालं आणि मी नाही म्हणालो तर कापड अजूनही परत रंगाच्या भट्टीला जातं. मला सगळे मास्तर म्हणतात, बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, “या मास्तर, जेवायला बसा.” लाल हा माझा हातखंडा. लाल फार लबाड असतो. त्यात निळा कणभर जास्त झाला की तो शिळा दिसतो, पिवळा जास्त झाला की उथळ. माझ्या खोलीत एक करड्या रंगाचं कपाट आहे, त्यात तीन दिवे आहेत, एक दुकानाचा, एक घरचा आणि एक उन्हाचा. एका दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन लाल दुसऱ्या दिव्याखाली तुटतात, म्हणजे वेगळे पडतात, आणि पोरं तोंडं पाडून माझ्याकडे बघतात. तिन्ही दिव्यांत टिकतो तो खरा रंग, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. त्या शनिवारी गच्चीवर, सोललेल्या पेटुनियाच्या पाकळ्या पायाशी पडलेल्या असताना, माझ्या मनात आलं की आणखी एक चौथा दिवा आहे आणि त्याखाली माझं आयुष्यभराचं काम काळं आहे. हा विचार मोठा आणि जरा नाटकी होता, त्यामुळे मला त्याच्याआड लपायला बरं पडलं. खरी गोष्ट साधी होती. झाडं मी उपटली होती.

बायकोची गच्ची मला कधीच आवडली नाही. तडकलेल्या बादल्या, तेलाचे डबे, एक जुना बाथटब, आणि त्यांत काय, तर कोथिंबीर. तीही वेळेवर खुडायची नाही. वाढून, जून होऊन, तिला पांढरी भुरकट फुलं येईपर्यंत तशीच ठेवायची. बडीशेप डोक्याएवढी. मोहरी, सब्जा, पुदिना, सगळं फुलावर आलेलं, आणि फुलं म्हणजे तरी काय, कापडावरचा डाग म्हणावा तर त्याहून लहान. रंग म्हणावा असा एकाही फुलाला नव्हता. चार माणसं घरी आली की मी त्यांना गच्चीकडे जाऊ देत नसे, आणि गेलीच तर “हा आमचा उकिरडा” म्हणून मीच आधी हसून घेत असे. तीही हसायची. “कोथिंबीर जून झाली,” मी म्हणायचो. “होऊ दे,” ती म्हणायची. एकतीस वर्षांच्या संसारात “का होऊ देतेस?” हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मला वाटायचं, तिला जमत नाही. नीटनेटकेपणा काही जणांच्या अंगातच नसतो, अशी मी तिच्याबद्दल मनातल्या मनात समजूत करून घेतली होती आणि त्या समजुतीत मी फार प्रेमळ नवरा होतो. ती नऊ दिवस दवाखान्यात होती. आठव्या दिवशी तिनं विचारलं, “बडीशेप फुलली का?” आणि मी म्हणालो, “आधी बरी हो, मग बडीशेप.” त्या उत्तरात काही वाईट नव्हतं. पण बडीशेप फुलली होती की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि घरी जाऊन मी बघितलंही नाही.

ती गेल्यावर मुलगी परदेशातून आली, महिनाभर राहिली, आणि जाताना टॅक्सीत बसून म्हणाली, “बाबा, आईच्या माश्या सांभाळा.” त्यानंतर दोन महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी मी हातमोजे घातले आणि सकाळी आठ ते बारामध्ये सगळं मुळासकट काढलं. रागानं नव्हे. देवाशपथ, रागानं नव्हे. मला बायकोसाठी काहीतरी सुंदर करायचं होतं. वाळत चाललेल्या त्या काटक्या बघवत नव्हत्या. मला वाटलं, तिच्या नावाला शोभेल अशी बाग करावी, आणि माझ्याकडे जी एकच चीज आहे, माझी नजर, ती ह्या कामी लावावी. ती गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट भूक लागली. उपटताना माश्या माझ्याभोवती घोंघावत होत्या, कानाशी, मानेशी. एकही चावली नाही. मला वाटलं, खूश आहेत.

“मी सध्या साखरपाणी ठेवते,” बाई पेटीपाशी उकिडवी बसून म्हणाली. “पण ते म्हणजे आजाऱ्याला सलाइन. त्यावर किती दिवस काढणार? माझं ऐका काका, आज पेटी मला न्या म्हणा. टेकडीखाली माझ्या आणखी बारा पेट्या आहेत, आजूबाजूला शेतं आहेत, तिथं ह्या जगतील. इथं उपाशी राहिल्या तर एक दिवस पेटी सोडून जातील, आणि अशा निघालेल्या सगळ्याच काही पोचत नाहीत.”

“नको,” मी म्हणालो.

“का?”

“मी झाडं आणतो. कुठली हवीत ते सांगा.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, बायकोची आठवण आहे म्हणून सोडवत नाही तुम्हाला. तसं ती म्हणाली असती तर मी मान हलवली असती. ती म्हणाली, “तीन आठवड्यांनी येते,” आणि धूर करायचा डबा पिशवीत टाकून जिना उतरून गेली.

आठवण वगैरे ठीक. कारण निराळं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी सकाळी दहाला मुलीचा फोन येतो. बायको होती तेव्हा हा फोन चाळीस-चाळीस मिनिटं चालायचा आणि त्यातली पंचवीस मिनिटं मायलेकी भांडायच्या. कशावरूनही. पडद्यांवरून, औषधांवरून, दहा वर्षांपूर्वी कोण कुणाला काय बोललं त्यावरून. “तू गप्प बस आई, तुला काही कळत नाही,” असं पलीकडून मला खुर्चीपर्यंत ऐकू यायचं. मग दाणकन कुणीतरी फोन ठेवायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावायचं. शेवटी बायको म्हणायची, “घे, बाबांशी बोल,” आणि पलीकडचा आवाज एकदम स्वच्छ, इस्त्री केलेला व्हायचा. जेवलात का? गोळ्या घेता ना? कामाचं फार मनावर घेऊ नका. चार मिनिटं. माझ्याशी ती कधी भांडली नाही. तिच्या लहानपणी ह्याचाही मला अभिमान होता. आईच्या मागे महिनाभर राहून ती परत गेल्यावर पहिल्या रविवारी आम्ही चार मिनिटं बोललो आणि मग दोघंही फोन धरून गप्प बसलो, आणि मला अशी भीती वाटली की हळूहळू हे तीन मिनिटं होईल, मग दोन, मग सणावाराला एक निरोप. तेवढ्यात ती म्हणाली, “माश्या कशा आहेत?” आणि मी बोलू लागलो. बारा मिनिटं झाली. पुढच्या रविवारी पंधरा. ती विचारायची, मी सांगायचो, किती येतात, कुठे बसतात, बडीशेप केवढी झाली. झाडं उपटल्यावरही मी सांगत राहिलो. बडीशेप माझ्या खांद्याला लागली म्हणून सांगितलं. मोहरीवर इतक्या माश्या असतात की फांदी वाकते म्हणून सांगितलं. माझ्या अंगात ही कला आहे हे मला माहीत नव्हतं. तिचा आवाज ऐकताना थोडा मऊ व्हायचा, आणि त्या मऊपणासाठी मी आणखी दोन रोपं हवेत लावायचो.

त्या रविवारी मी तिला सांगितलं, पेटी इतकी जड झालीय की बाईला दोन्ही हात लावावे लागले. “खरंच?” ती म्हणाली आणि हसली. फोन ठेवल्यावर मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं आणि दुपारी नर्सरीत गेलो.

ही तीच नर्सरी. मी इथं शेकडो वेळा आलो असेन आणि दारातून आत कधी गेलो नव्हतो. बायकोला सोडायचं, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, पेपर वाचायचा आणि अर्धा तास झाला की हॉर्न वाजवायचा. माझी लाल कुंड्यांची ओळ मी दुसऱ्या, मोठ्या, चकचकीत दुकानातून आणली होती. आत हिरव्या जाळीखाली उन्हाला ओल्या गोणपाटाचा वास होता. मी कामाला लागलो. लाल दिसत नाही, निळं आणि पिवळं दिसतं, एवढं पाठ करून आलो होतो. तेव्हा निळ्या-जांभळ्याची एक ओळ मनात धरून मी रोपं वेचू लागलो, एक गडद, मग त्याहून सौम्य, मग फिका, आणि दहा मिनिटांत हातगाडीवर माझं नवं शेडकार्ड तयार झालं. मी खूश होतो. नर्सरीवाला म्हातारा, कानात केस असलेला, गंजकी कात्री खिशात खुपसून आला आणि गाडीकडे बघून म्हणाला, “कुणाच्या लग्नाला?”

“मधमाश्यांसाठी हवीत.”

“ह्यातलं एकही उपयोगाचं नाही. सगळी डबल.” तो माझ्याकडे निरखून बघू लागला. “तुम्ही हॉर्नवाले साहेब ना?”

मी म्हणालो, हो. त्याला बायको गेल्याचं कळलं होतं. मग त्यानं कुठूनतरी एक बुटकं लाकडी स्टूल आणलं आणि खुणेनं मागे बोलावलं. मागच्या बाजूला, जिथं गिऱ्हाइकाला नेत नाहीत तिथं, खोक्यांत आणि फुटक्या कुंड्यांत सगळी साधी झाडं वाढत होती. “बाई इथं बसायच्या,” तो म्हणाला. “विकत घ्यायच्या आधी बसायच्या. ज्या झाडावर माशी येईल तेच न्यायचं, असा त्यांचा कायदा. मी नाव सांगायला गेलो की म्हणायच्या, तुम्ही गप्प बसा, खाणाऱ्याला निवडू दे. एका झाडावर बारा माश्या मोजून झाल्या की उठायच्या. कधी आठ झाल्या की तुमचा हॉर्न. मग म्हणायच्या, आमचे हे तापले, उरलेल्या चार पुढच्या वेळी.”

मी स्टुलावर बसलो. गुडघे छातीशी आले. म्हातारा निघून गेला, आणि मला काय करावं ते कळेना. समोर हिरवं होतं. मी नजर लावली, पण माझी नजर ही जुळवणारी नजर, तिला शेजारी ठेवायला दुसरा तुकडा लागतो, एकट्या वस्तूकडे बघायचं कसं हे तिला ठाऊकच नाही. बराच वेळ मला फक्त माझ्या मानेवरचा घाम कळत होता. नर्सरीबाहेरून गाड्या जात होत्या आणि एकदा कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा मी दचकून अर्धा उठलो. मग एक माशी आली. सब्ज्याच्या तुऱ्यावर बसली, सब्ज्याचं फूल म्हणजे तांदळाच्या कणीएवढं, मळकट पांढरं, आणि तिनं त्यात तोंड घातलं तसा तिचा मागचा भाग हलू लागला, घाईघाईनं जेवणाऱ्या माणसासारखा. मग दुसऱ्या फुलात. मग तिसऱ्या. एक फूलही ती गाळत नव्हती. मी मोजू लागलो. पाच झाल्या, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम तीन. शेजारी मोठी केशरी डबल झेंडूची कुंडी होती, त्यावर एक माशी उतरली, इकडून तिकडे चालली, आत शिरायला वाट शोधली आणि उडून गेली. तिच्या त्या चालण्यात बावचळलेपण होतं. सात महिने माझ्या गच्चीवर हेच चाललं असणार. दारातून बाहेर पडायचं, समोर एवढा मोठा थाट, आणि चालून चालून परत फिरायचं. आणि मी चहा पीत बघत होतो आणि म्हणत होतो, वा. अकरा झाल्या. बारावी यायला खूप वेळ लागला. पण मला कुणी बोलावणारं नव्हतं, मी बसून राहिलो. तिनं ह्या स्टुलावर बसून काढलेले सगळे अर्धे तास मला हवे होते. गाडीत पेपर वाचण्याऐवजी आत येऊन मी शेजारी नुसता उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. ती म्हणाली असती, सावली नका पाडू.

सात कुंड्या घेतल्या. सब्जा, बडीशेप, पुदिना, फुलावर आलेली कोथिंबीर, ओवा, एक एकेरी पाकळ्यांचं पिवळं फूल ज्याचं नाव म्हाताऱ्यालाही आठवेना, आणि निळ्या तुऱ्यांचं एक झुडूप. रंगांची ओळ लावायचा मोह झाला, तो मी आवरला. लाल कुंड्या जिन्यात सरकवून ह्या सात मी पेटीसमोर कशाही ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांवर चार माश्या होत्या. परत आलो तेव्हा मोजता येईनात. आठवडाभर मी कारखान्यात असताना माझं चित्त गच्चीवर असायचं. मंगळवारी कपाटात उन्हाच्या दिव्याखाली एक लाल नमुना ठेवून मी बघत बसलो, आणि तपासणीची मुलगी शेवटी म्हणाली, “मास्तर, पास का नापास?” मी म्हणालो, “तूच सांग.” चौतीस वर्षांत असं कधी म्हणालो नव्हतो. ती घाबरली आणि म्हणाली, पास, आणि ते बरोबर होतं. संध्याकाळी घरी आलो की मी पेटीला कान लावायचो. आतून गुणगुण यायची, भिंतीपलीकडे पुष्कळ माणसं बोलत असावीत आणि शब्द कळू नयेत तशी. घरात दुसरा कुणाचा आवाज नव्हता. कधी कधी कान गार पडेपर्यंत मी तसाच बसायचो. पुढच्या रविवारी मुलीला सब्ज्यावरची माशी कशी खाते ते सांगितलं, मागचा भाग हलतो तेही. “आईपण अस्संच सांगायची,” ती म्हणाली. ही पहिलीच गोष्ट मी तिला खरी सांगितली होती आणि तिला ती आधीपासून माहीत होती.

बुधवारी घरी येऊन कान लावला तर आत काही नव्हतं. मी दुसरा कान लावला. मग टकटक केलं, बंद दारावर करावं तसं. मग झाकण काढलं, जाळीही न घालता. आतली पोळी स्वच्छ होती. चाटूनपुसून स्वच्छ, एक थेंब मागे नाही, एक माशी नाही. बाहेर बडीशेपेवर तीन-चार माश्या होत्या, पण त्या ह्यांच्यातल्या की दुसऱ्या कुठल्या, हे मी सांगू शकत नव्हतो. ती सांगू शकली असती.

मी कळवलं तशी मधवाली बाई दुसऱ्या दिवशी आली. तिनं चौकटी एकेक करून उन्हात धरल्या. “माझंही चुकलं,” ती म्हणाली. “त्या दिवशी नुसतं वजन बघितलं. आत बघायला हवं होतं. अंडी तेव्हाच नसणार.”

“पण आता तर फुलं होती. येत होत्या, खात होत्या.”

“काका, ह्या उठल्या आणि निघाल्या असं करत नाहीत. उपासमार झाली की आधी राणी अंडी घालायची थांबते. मग जी पिल्लं आत आहेत ती मोठी होऊन उडायला लागेपर्यंत सगळ्या थांबतात. तीन आठवडे, कधी जास्त. काम करतात, येतात-जातात, बाहेरून काही कळत नाही. निर्णय आधीच झालेला असतो. तुमची फुलं त्यांनी वाटेची शिदोरी म्हणून खाल्ली.”

पिल्लं मोठी होईपर्यंत थांबतात आणि बाहेरून काही कळत नाही, हे ऐकून माझ्या मनात बायकोबद्दल एक प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाला आता उत्तर देणारं कुणी नव्हतं. मी त्याच्या जवळ गेलो नाही. बाईनं जाताना विचारलं, नवी वसाहत हवी असेल तर आणून देते, ह्या वेळी झाडं बरोबर आहेत. मी म्हणालो, सांगतो.

मग रविवार आला. सकाळी आठपासून मी आंघोळ करून फोनसमोर बसलो होतो. नवी वसाहत हे उत्तर माझ्या खिशात होतं. नव्या माश्या काय आणि जुन्या काय, फोनवरून सारख्याच दिसतात. कुणाला काही कळलं नसतं. तिन्ही दिव्यांत रंग टिकला असता. दहाला फोन वाजला.

“बाबा, जेवण वेळेवर घेता ना?” ती म्हणाली. “गोळ्या?”

“माश्या गेल्या,” मी म्हणालो.

मग तो इस्त्रीचा आवाज आला. “अरेरे. पण होतं असं बाबा, आई म्हणायची, कधी कधी जातात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही केलंत तेवढं खूप केलंत.”

इथं थांबता आलं असतं. तिनं दार उघडून धरलं होतं आणि मी अलगद बाहेर पडू शकत होतो. चार मिनिटंही झाली नव्हती.

“मी आईची झाडं उपटली,” मी म्हणालो. “तू गेल्यावर दोन महिन्यांनी. सगळी. बडीशेपसुद्धा.”

“पण तुम्ही तर सांगत होतात—”

“खोटं सांगत होतो. लाल फुलं लावली होती. त्यात त्यांना खायला काही नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं. मग कळलं. बाई पेटी न्यायला तयार होती, तिच्याकडे त्या जगल्या असत्या. मी नेऊ दिली नाही.”

“का?”

“रविवारी तुझ्याशी बोलायला काही उरलं नसतं.”

फोनमधून तिचा श्वास येत होता. मला वाटलं, आता ती फोन ठेवेल, सभ्यपणे ठेवेल, काळजी घ्या म्हणेल आणि ठेवेल, आणि तिनं ठेवला तर तिचं काही चुकणार नाही.

“असं कसं करू शकलास तू?” ती ओरडली. इतक्या जोरात की मी फोन कानापासून लांब धरला, आणि मग पुन्हा घट्ट लावला. “बडीशेप मी लावली होती आईबरोबर! त्याआधीच्या सुट्टीत, बियाणं मी पेरलं होतं, बाथटबमध्ये, तुला ठाऊक तरी आहे का? तू विचारलंस कधी? कधी एकदा तरी? माझ्या शाळेच्या नाटकाला आलास आणि घरी जाताना म्हणालास, पडद्याचा रंग चुकलाय. बाकी एक शब्द नाही! मी राजकन्या होते त्यात, बाबा!” ती रडत होती आणि रडता रडता बोलत होती, आणि काही शब्द मला लागत नव्हते. पंधरा वर्षांपूर्वीचं काही, दवाखान्यातलं काही, तिच्या लग्नातलं काही, कुठून कुठून काढत होती. मधे तिच्या घरात एक दार वाजलं, तिच्या नवऱ्यानं काहीतरी विचारलं, आणि ती त्याच्यावर खेकसली, “थांब, मी बाबाशी बोलतेय!” मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“आहेस का?” ती म्हणाली. “फोन ठेवलास तर बघ. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय,” मी म्हणालो.

“मग ऐक,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.